निळीला तांबडीची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तारीख नऊ जानेवारी, हवा गार, दाट धुकं. अण्णा खरोट्यांनी जुन्या गाड्यांच्या दलालाकडून आणलेली निळी गाडी अंगणात रुसून बसली होती. अण्णा किल्ली फिरवत आणि म्हणत, "चल गं तांबडे!" निळी नुसती खोकायची. तांबडी म्हणजे त्यांची आधीची गाडी, भंगारात गेलेली.

"आज चालू झाली नाहीस, तर संध्याकाळी दलालाकडे परत जाशील," डिकीतला जॅक म्हणाला. अण्णांच्या पहिल्या गाडीपासून तो प्रत्येकीच्या डिकीत राहिला होता.

"जाईन! माझ्यात बसून नाव घेतात सवतीचं!"

जॅक हसला. "अगं वेडे, तांबडी नवी आली तेव्हा तिला ते 'पांढरे' म्हणायचे. तीही अशीच फुरंगटली होती. तिचं नाव त्यांच्या तोंडी आलं, ते ती गेल्यावर."

अण्णांनी पुन्हा किल्ली फिरवली. "चल गं तांबडे!"

निळी चालू झाली आणि पुढे पुष्कळ वर्षं धावली.

तिच्यानंतर करडी गाडी आली. तारीख दोन मार्च, ऊन स्वच्छ. अण्णांनी किल्ली फिरवली आणि म्हणाले, "चल गं निळे!"