न झालेला स्पर्श

त्या राज्यात दोन गुरुकुले होती, एक डोंगरावर आणि एक नदीकाठी, आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची किंमत वर्षातून एकदा हुतूतूच्या मैदानावर ठरत असे. जिंकणाऱ्या गुरुकुलाला उन्हाळाभर आमराईची सावली मिळे. हरणाऱ्यांनी रणरणत्या उन्हात बसून शिकायचे.

डोंगरावरच्या गुरुकुलात बिळात राहणाऱ्यांना प्रवेश नसे. भिंगरी नावाच्या मुंगसाच्या पोरीला तेवढा तो मिळाला होता, कारण तिच्यासारखी चढाई कुणालाच जमत नव्हती. ती संघात असेपर्यंत तिचे जेवण आणि निवारा गुरुकुलाकडे होता. ही अट तिला कुणी ऐकवली नाही; तशी वेळच कधी आली नाही.

त्या वर्षी कुलगुरू गरुडाने खिलाडूवृत्तीचा पंधरवडा जाहीर केला. झाडाझाडावर फलक लागले. मोरांनी भाषणे केली. विद्यार्थ्यांनी छातीवर पंजा ठेवून शपथ घेतली. शपथ संपताच तरस गुरुजी संघाला मैदानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले आणि पंच जवळ असताना कसे कोसळावे, लागलेला हात कसा लपवावा, ते शिकवू लागले.

"पंचाला दिसलं नाही, ते घडलंच नाही," ते म्हणाले. "आणि त्यानं घडलं म्हटलं, की घडलंच."

सामन्याच्या दिवशी सारे राज्य लोटले होते. खेळ बरोबरीत आला आणि डोंगराची शेवटची चढाई भिंगरीची होती. 'हुतूतू' घुमवत ती नदीच्या अंगणात शिरली. समोर शेवंती नावाचे पाणमांजर पाय रोवून उभे होते. भिंगरीने झेप घेतली, पंजा मारला, गिरकी घेतली आणि दम न सोडता रेषा गाठली. पंच कासवाने मान बाहेर काढून निकाल दिला, "शेवंती बाद!"

डोंगराने जल्लोष केला. संघाने भिंगरीला उचलायला धाव घेतली. शेवंती मान खाली घालून निघाली होती. पंचाशी वाद घालायचा नाही, एवढेच तिला शिकवले होते.

भिंगरीने पंजा वर केला.

"तिला लागलं नाही," ती म्हणाली. "माझा पंजा हवेतूनच गेला."

"पंचांनी दिलंय ना?" गुरुजी दातावर दात ठेवून पुटपुटले. "तू कोण सांगणारी?"

"खेळले मी, गुरुजी. तिथं मीच होते."

कासवाने निकाल फिरवला. भिंगरीची चढाई वाया गेली, आणि नदीने पुढच्याच चढाईत सामना घेतला. मैदान रिकामे व्हायच्या आत भिंगरीचे नाव संघातून गेले होते. भोजनशाळेच्या दारात माकडाने तिच्यापुढे पळी आडवी धरली आणि दुसरीकडे पाहिले. आमराई गेली म्हणून सोबतीही तिच्याशी बोलेनात. ते तिला पळीपेक्षा जास्त लागले.

पण मोरांना ती गोष्ट फार आवडली. त्यांनी ती राज्यभर सांगितली आणि जो तो विचारू लागला, एवढी गुणी पोर कुठल्या गुरुकुलाची? तेव्हा कुलगुरूंनी तिला बोलावून घेतले. पंधरवड्याच्या समारोपात तिला मानाचा तुरा मिळणार होता.

"संघात परत ये," गरुड मायेने म्हणाला. "तुझं ताटही तयार आहे. सभेत एवढंच सांग, की हे तू इथं शिकलीस. पुढच्या वर्षी मात्र गुरुजी म्हणतील तसं."

सभा भरली. मोराने तुरा पुढे केला. भिंगरीने तो घेतला नाही.

"मी पंजा वर केला आणि माझं जेवण बंद झालं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "इथं मी काय शिकले ते विचारताय? कोसळायला शिकले. दाखवू?"

कुणी हसले नाही. तरस गुरुजी उठून उभे राहिले. भिंगरी व्यासपीठावरून उतरली आणि फलकांखालून चालत डोंगराखाली गेली.

खालच्या उघड्या माळावर तिने नखांनी एक रेषा ओढली. सगळ्यात आधी आली ती शेवंती. मग डोंगराच्या संघातले रानमांजर आले, अंग चोरत. "मला पण कोसळण्याचा कंटाळा आलाय," ते म्हणाले. मग भेकर आले, मग नदीकडचे आणखी काही. ऊन कडक होते. पंच कुणीच नव्हता.

वरून कुलगुरूंनी पाहिले. धुळीच्या लोटात खेळ रंगला होता, आणि मधूनच एखादा पंजा वर होई, त्याचा धनी आपण होऊन रेषेबाहेर जाऊन उभा राही.

"त्यांना कोण बाद करतंय?" गरुडाने विचारले.

मोराने मान उंचावून पुष्कळ वेळ शोधले. खाली आणखी एक पंजा वर झाला.

"कुणी दिसत नाही, महाराज," तो म्हणाला.