हातभर झिरा

लिहितो, पण एकदाच. चवथीतून पळालेल्या माणसापुढं नातसुनेनं वही टाकली अन् म्हणे, आबा, शेषगीरबुवांची ती गोष्ट लिहा. तिला म्हणायला काय जातं? बोटं माझी दुखतात.

तर...

"पण महाराज, खोल गेल्याशिवाय सत्य सापडणार कसं?"

असं विचारणारा अमरावतीहून आला होता. नाव विश्वंभर. चौदा ग्रंथ वाचून बुवांचा चेला व्हायला आला होता. चपला काढायच्या आधी चौदाही ग्रंथांची नावं सांगून झाली.

बुवा गोसावी. पूर्णा नदीच्या काठी एका खोलीचा मठ, एक चिमटा, बोलणं कमी. मी तेव्हा त्यांच्याकडं पाणी भरायचो.

बुवा म्हणाले, "झिऱ्याचं पानी आन. डाळ शिजवाची हाय."

"आणि ज्ञान?"

"आंधी डाळ."

आमचं पाणी ज्यानं चाखलं नाही त्याच्यासाठी सांगतो. हा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, वर येतं ते खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. पाहुणा एका घोटात गावची वाट धरतो. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत हातभर झिरा उकरायचा. त्यात गोड पाणी वाटी-वाटीनं झिरपतं. चाळीस घरं त्या एका झिऱ्यावर. दुसरं गोड पाणी दोन कोसांवर.

विश्वंभर माझं फावडं घेऊन गेला. मी मठात डाळ निवडत बसलो.

तास गेला. दोन गेले. जाऊन पाहतो तर झिऱ्याच्या जागी पुरुषभर खड्डा, अन् आतून आवाज येतोय,

"उथळ पाण्यावर जगतंय हे गाव! खरा झरा खाली आहे!"

खाली झरा होताच. भरपूर पाणी लागलं. घागर भरून त्यानं मिरवत आणली.

बुवांनी ओंजळभर घेतलं. प्याले. गिळलं.

"बरं झालं," म्हणाले. "डाळीत मीठ टाकाचं काम वाचलं."

आम्ही दोघं परत नदीवर गेलो तोवर बाया जमल्या होत्या. खालचं खारं वर चढून सगळा झिरा नासला होता. पार्वताबाईनं चाखलं, थुंकलं अन् कमरेवर हात ठेवला.

"कोन्या मुडद्यानं खनलं हे?"

चौदा ग्रंथ वाचलेल्या माणसानं माझ्याकडं बोट केलं.

"हाच म्हणाला, अजून खण."

चाळीस बाया. मी एकटा. पार्वताबाईनं डोक्यावरची चुंबळ काढून मला हाणली. भिजलेली चुंबळ कशी लागते ते ज्यानं खाल्ली त्यालाच माहीत.

बुवा आले. खड्ड्यात डोकावले. विश्वंभरला एवढंच म्हणाले,

"बुजव."

"महाराज, इतकी मेहनत..."

"बुजव."

त्यानं बुजवला. मी तीन दिवस कावड खांद्यावर घेऊन दोन कोसांवरून पाणी आणलं, अर्ध्या गावाला पुरवलं. बाया रोज विचारत, "गोड येईन का वापस?" बुवा नदीत जाऊन बसत... वाळूकडं पाहत... उठून येत. विश्वंभर मागं मागं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. झिरा परत आला नसता तर गावानं त्याला नदीतच पुरला असता, अन् मी फावडं दिलं असतं.

चवथ्या दिवशी सकाळी गुणाजी कुंभाराचं गाढव पात्रात उतरलं. बुजवलेल्या जागी थांबलं. वाळू हुंगली. पुढच्या खुरानं उकरलं. वीतभर... हातभर. मग थांबलं.

ओल आली. पाणी साचलं.

गाढव प्यालं. कान हलवले. पुन्हा प्यालं.

पार्वताबाईनं गाढवाला बाजूला सारून ओंजळ भरली. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडं पाहत राहिल्या.

"गोड हाय," ती म्हणाली, अन् घागर पुढं ओढली.

विश्वंभरचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे हातभरच खणायचं? महाराज, एवढं तर गाढवालाही कळतं!"

बुवांनी कमंडलू भरून घेतला. 

"कळते ना," म्हणाले. "म्हून तं ते माह्याकडं शिकाले येत नाही."

माझी माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही. नाव ठळक काढतो: विश्वंभर टाकरखेडे.