चंपीची मुकी घंटा

हत्ती माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. चंपी हत्तीण दिवसभर लाकडं ओढायची आणि संध्याकाळी रानात चरायला सुटायची. सकाळी तिच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून माहूत तिला शोधून आणायचा.

म्हातारा माहूत वारला आणि लालसू आला. लालसू कामाला वाघ. उजाडताच घंटेच्या मागावर जायचा आणि चंपीला हाकत आणायचा. एके दिवशी चंपीने सोंडेने घंटेत चिखल कोंबला. लालसू दुपारपर्यंत रानभर वणवण फिरला. संध्याकाळी त्याने चिडून तिच्या पुढच्या पायांत बेडी घातली. तिला बांबूच्या बेटापर्यंत जाता येईना. हळूहळू तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

"आता तरी शहाणी हो की गं!" लालसू म्हणाला.

"शहाणी आहे म्हणूनच चिखल भरला," चंपी म्हणाली. "डोहात माझी अंघोळ व्हायच्या आत तू हजर! तुला कुणी अर्ध्या अंघोळीतून उठवून कामाला जुंपलं तर?"

लालसू ओशाळला. त्याने बेडी काढली. दुसऱ्या सकाळी तो डोहाकाठी जाऊन नुसता बसून राहिला. चंपी मनसोक्त डुंबली, अंगावर माती उडवली आणि मगच कामाला निघाली. घंटा मात्र ती पुन्हा चिखल भरून मुकीच ठेवायची. तरी लालसू रोज येऊन बसायचा.

एके सकाळी लालसूच्या झोपडीपुढे घंटा खणखणली. तो कांबळं गुंडाळून बाहेर आला. दारात चंपी उभी होती, ओलीचिंब, आणि गळ्यातली घंटा स्वच्छ धुतलेली.

"डोहावर आला नाहीस," ती म्हणाली. "ताप आलाय का रे?"