खारीची अंगतपंगत

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात एक खार राहत असे. अंगाने मूठभर, पण कामाला मोठी वाघीण! त्या जंगलात अस्वलाचे भलेथोरले कोठार होते. पावसाळ्यासाठी कंद, फळे, मोहाची फुले तिथे साठवली जात आणि त्यासाठी कितीतरी प्राणी राबत, काही दिवसपाळीला, काही रातपाळीला. वर्षातून एकदा अस्वल सगळ्यांना मधाची मेजवानी देई. तिची तयारी खारीकडे असे.

यंदा मधमाश्या दुसऱ्या डोंगरावर निघून गेल्या होत्या. अस्वलाने खारीपुढे एकच पोळे ठेवले आणि बजावले, "यात भागव. कुणाची कुरकुर माझ्या कानावर आली, तर पुढच्या वर्षीपासून मेजवानी बंद!" मान मोडून काम करणाऱ्यांच्या वाट्याला वर्षात तेवढा एकच दिवस येई, तोही आता आपल्या हातून जाणार की काय? तिने पोळ्याचे तुकडे करून पाहिले. एकेक तुकडा मुंगीलाही पुरला नसता. अस्वलाचा कारभारी कोल्हा हसत म्हणाला, "अगं, एवढा विचार कसला करतेस? रातपाळीवाल्यांना वगळून टाक. नाहीतरी ते कुठे येतात?"

ते मात्र खरे होते. मेजवानी असे भर दुपारी, आणि त्या वेळी रातपाळीवाले बिळांत घोरत पडलेले असत. त्यांचा वाटा खारच द्रोणात घालून बिळाच्या तोंडाशी ठेवून येई. इतकी वर्षे आपल्याला हे खटकले कसे नाही, याची तिला लाज वाटली. दुसरी एखादी कोल्ह्याचे ऐकून मोकळी झाली असती. आपली खार त्याच संध्याकाळी साळिंदराच्या दारात जाऊन उभी राहिली. तिने सरळ विचारले, "काका, मेजवानीत तुम्हाला काय आवडेल?"

साळिंदर गडबडले. "मला? मला असं कुणी कधी विचारलंच नाही गं. मध काही मला फारसा आवडत नाही, मुंग्याच खातात तो. पण एक सांगू? रात्री मी कंद उकरून टाकतो. दुसऱ्या रात्री येऊन बघतो, तर त्यांची अशी सुरेख रास रचलेली असते, की बघतच राहावं. ती रचणाऱ्याला एकदा भेटायचंय."

दुसऱ्या दिवशी सशाने काय सांगावे? "खारूताई, मी रचतो ते कंद रात्री कोण काढतं गं? एकाही कंदावर ओरखडा नसतो. त्याला एकदा नमस्कार करायचाय मला." खार दिवसभर दारोदार विचारत फिरली, आणि मग तिने बेत पक्का केला. मेजवानी सांजवेळी, म्हणजे दिवसपाळी सुटलेली आणि रातपाळी नुकतीच जागी झालेली. आणि जेवण? अंगतपंगत! प्रत्येकाने आपल्या घरचे थोडे थोडे आणायचे, आणि शेवटी मध तीर्थासारखा थेंब थेंब. सगळ्यांनी आनंदाने माना डोलावल्या.

ठरल्या सांजेला सगळे जमले. माकडाने करवंदे आणली, सशाने कोवळा पाला, साळिंदराने गोड कंद. एकाच राशीवर राबणाऱ्यांना खारीने समोरासमोर बसवले. पण कुणीच बोलेना! इकडचे तिकडे नुसते बघत राहिले. कोल्हा मिशीत हसू लागला. खारीचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात सशाने समोरचा कंद उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि तो ओरडलाच, "काका, म्हणजे ते तुम्ही होय?"

"आणि रास रचणारा तू? एवढासा?" सशाने पुढे होऊन नमस्कार केला. मग काय विचारता! पंगतभर एकच गलका उडाला. जो तो समोरच्याला आपल्या पानातले वाढू लागला. मध फिरला तेव्हा तो कमी आहे हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

अस्वल कुरकुर ऐकायला कान टवकारून उभे होते. ते साळिंदराजवळ आले. "तुम्हाला आधी कधी पाहिलं नाही. नवीन आलात का?"

"नाही मालक. नऊ वर्षं झाली," साळिंदर नम्रपणे म्हणाले.

अस्वलाची मान खाली गेली. मग ते पंगतीत साळिंदराशेजारी मांडी घालून बसले आणि खारीला म्हणाले, "पुढच्या वर्षीही मेजवानी होणार, आणि ती याच वेळेला. आज मलाही इथंच वाढ."

तात्पर्य : मेजवानी आखण्याआधी पाहुण्यांचे मन विचारावे; ज्याच्या कष्टांची कुणी आपुलकीने दखल घेतली, तो थोडक्यातही तृप्त होतो.