तारेखालची साल

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एकाच वेळी दोन गुणी शिष्य होते, आणि एक उनाड शिष्य सांभाळण्यापेक्षा हे काम फार अवघड असते. थोरला त्र्यंबक, धाकटा गदाधर. वैद्यांची पद्धत अशी की, शिष्याने आल्या दिवशी नदीकाठी अर्जुनाचे एक रोप लावायचे आणि शिक्षण संपेपर्यंत ते जोपासायचे. अर्जुनाची साल हृदयाच्या दुखण्यावर देतात. ज्याला झाड जपता येत नाही त्याने माणसाच्या छातीला हात लावू नये, असे ते म्हणत.

त्र्यंबकाचे झाड पुरुषभर उंच झाले होते तेव्हा गदाधरने आपले रोप लावले. पण त्याच्या वाट्याला पाण्याजवळची जागा आली, आणि पाहता पाहता त्याच्या झाडाने थोरल्याचे झाड गाठले, मग मागे टाकले. वैद्यशाळेतही तेच. आलेला रोगी दारातूनच विचारी, "गदाधरभाऊ आहेत का? त्यांच्या हाताला गुण आहे हो." आणि त्र्यंबक तर नाडी पाहायला समोरच बसलेला असे!

त्यात गुरूंचा काळ्या दगडाचा पिढीजात खल. तो ज्याच्या हाती जाईल तोच पुढे वैद्यशाळा चालवणार, हे सर्वांना ठाऊक होते. ज्याचे झाड मोठे त्याला खल, असे गुरू कधीही म्हणाले नव्हते. त्र्यंबकाच्या मनाने मात्र ते परस्पर ठरवून टाकले. सकाळी उठला की तो आधी धाकट्याच्या झाडाचा शेंडा पाही, आणि तिथेच त्याचा दिवस नासे.

एका पावसाळ्याच्या अखेरीस त्याने गदाधरच्या झाडाच्या बुंध्याला, गवताने झाकलेल्या जागी, बरण्यांची तोंडे बांधायची तांब्याची तार गुंडाळली. फार आवळलीही नाही, नुसती टेकवून पीळ दिला. 'मी काय कुऱ्हाड थोडीच घातली?' अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

झाड वाढतच राहिले. पुढच्या वर्षी तर शेंडा आणखी वर गेला. तार फुकट गेली म्हणून त्र्यंबकाचा जळफळाट झाला. मग त्यानंतरच्या चैत्रात, काठावरची सारी झाडे पालवली असताना, गदाधरच्या झाडाला बारीक, पिवळट पाने आली आणि तीही गळू लागली. गदाधरने पाणी घातले, खत घातले, शेवटी त्याचे जेवणावरचे लक्ष उडाले. त्र्यंबकाला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, एवढेच त्याच्या बाजूने सांगता येईल.

गुरू एके सकाळी झाडाशी बसले. त्यांनी गवत बाजूला केले. तार सालीत रुतून बसली होती आणि तिच्या वरचा भाग सुजला होता. त्यांनी तारेकडे पाहिले, मग त्र्यंबकाकडे. गुरू एवढेच म्हणाले, "त्र्यंबका, तुझ्या झाडाच्या शेंड्याकडच्या चार सरळ डहाळ्या कापून आण. बोटाएवढ्या जाड."

"माझ्या झाडाच्या? गुरुजी, शेंडा गेला तर ते खुरटेल हो!"

"आण."

त्याने डहाळ्या जड हाताने आणल्या. गुरूंनी तार सोडवली, मेलेली साल खरवडली. मग प्रत्येक डहाळीची दोन्ही टोके तासून एक टोक जखमेच्या खाली आणि दुसरे जखमेच्या वर, जिवंत सालीत खोचले. गदाधर चिंध्यांनी ती बांधत होता. जखमेला लेप लावायचा सोडून गुरू काड्या का खोचताहेत, हे दोघांनाही कळेना.

गुरू म्हणाले, "झाड उंच होतं ते फक्त शेंड्याशी. बुंध्यावर आज खूण करा. झाड कितीही उंच झालं तरी ती वर सरकायची नाही. बुंधा वाढतो तो जाडीनं. सालीच्या आत एक पातळ, ओला थर असतो. तो वर्षानुवर्षं लाकडाचा नवा पदर घालतो, म्हणून शेंडा वाऱ्यात टिकतो. आणि पानांनी केलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांना मिळतं. ज्यानं तार बांधली त्याला शेंडा खुपत होता. पण शेंड्याला लाकडातून पाणी मिळत राहिलं, उपाशी राहिली ती मुळं. तार होती तेवढीच राहिली, आणि झाड तिच्यात मावेना. दुसऱ्याची वाढ ज्याला सोसत नाही, त्यानं आपल्या छातीलाही अशीच तार बांधलेली असते. आता मुळांपर्यंत अन्न न्यायला पूल हवेत, आणि ते याच जातीच्या धडधाकट झाडाचे लागतात. तसं झाड जवळ तुझंच आहे, त्र्यंबका."

त्र्यंबक म्हणाला, "गदाधर, तार मी बांधली."

गदाधरचे हात थांबले. त्र्यंबकाकडे न पाहताच त्याने विचारले, "जगेल ना हे, दादा?"

"मी पाणी घालीन," त्र्यंबक म्हणाला.

त्याने पाणी घातले. गदाधर त्याच्याशी पावसाळा लागेपर्यंत बोलला नाही. डहाळ्या मात्र जगल्या, आणि झाडाने पुन्हा पाने धरली.

काही वर्षांनी गुरूंनी खल गदाधरच्या हाती दिला. त्र्यंबकाला लागले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तो उठून नदीवर गेला आणि गदाधरच्या झाडाच्या बुंध्याशी उभा राहिला. त्याने दिलेल्या चारही डहाळ्या मनगटाएवढ्या जाड होऊन एकमेकींत आणि बुंध्यात मिसळल्या होत्या. आपल्या झाडाची साल कुठे संपते आणि गदाधरच्या झाडाची कुठे सुरू होते, हे तो बोटांनी चाचपत राहिला. ते काही सापडले नाही.

घाटावर आलेला एक वाटसरू वर पाहत थबकला. "वैद्यबुवा, केवढं हे झाड! तुमचं का?"

"गदाधरचं," त्र्यंबक म्हणाला. मग मान वर करून त्याने तो शेंडा प्रथमच डोळे भरून पाहिला. "यंदा चांगलाच वर गेलाय, नाही?"