बर्णबा मदत मागायला शिकवतो

माझं कुणी ऐकलं नाही. आधी नाही, मधे नाही, आणि आता सगळं होऊन गेल्यावर तर नाहीच. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी तोंडावर सांगितलं होतं. पंचांना सांगितलं होतं. पण चौथी शिकलेल्या, चर्च झाडणाऱ्या बाईचं कोण खरं धरतं. तुम्ही तरी ऐका.

आमच्या गावात एक भोळा माणूस होता, कौलं शाकारणारा. म्हणजे अजून आहे, कुठं जातोय. नाव बर्णबा. वय चाळीस. हाताला कसब असं, की त्यानं शाकारलेलं छप्पर दहा वर्षं गळायचं नाही. डोक्याचं मात्र वेगळं होतं. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तेवढं पुरतं करायचा. एकदा मी त्याला वाटेत म्हटलं, "जरा थांब, आलेच मी." आणि विसरून माहेरी गेले. दोन दिवसांनी परतले तर हा तिथंच. जेवायला तेवढा घरी जायचा म्हणे, आणि परत येऊन उभा राहायचा.

तर आमच्या चर्चमधल्या मुलांचं संडेस्कूल पाळकीणबाई घ्यायच्या. मुलं नऊ. त्यात माझी नात होसान्ना, सहा वर्षांची. त्या वर्षी पाळकीणबाई पायरीवरून घसरल्या आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. आणि नेमकी तेव्हाच तालुक्याहून चिठ्ठी आली. सगळ्या गावांतल्या चर्चच्या मंडळ्यांवर देखरेख करणारे मोठे साहेब सुगीच्या सणाला येणार होते. मुलांना देवाकडं मदत मागता येते का, आणि पाठ केलेली प्रार्थना नाही, मनची करता येते का, ते बघणार होते. येत नसेल तर आमचं संडेस्कूल बंद. मग मुलांनी दर रविवारी हमरस्ता ओलांडून पलीकडच्या गावात जायचं. त्या रस्त्यावर ट्रकवाले कोंबडीसाठी थांबत नाहीत, तर माझ्या होसान्नासाठी काय थांबणार.

पाळकसाहेबांनी वर्ग बर्णबाच्या हाती दिला.

मी म्हटलं, "साहेब, याच्या हाती नका देऊ."

"लुदियाबाई, मुलांना तो आवडतो."

"मुलांना चिखलही आवडतो."

"तुम्ही फार संशयी आहात," साहेब म्हणाले.

पाळकीणबाईंनी बर्णबाला बाजेवरूनच शिकवलं, "हे बघ, पवित्र शास्त्रातली गोष्ट नुसती तोंडानं सांगू नकोस. करून दाखव. म्हणजे मुलांच्या ध्यानात राहते."

"बरं बाई," बर्णबा म्हणाला. "आता कळलं."

पहिल्या रविवारी गोष्ट होती प्रभूच्या शिष्याची, पेत्राची. पेत्र पाण्यावरून चालला, भ्याला, बुडायला लागला, मग त्यानं प्रभूला हाक मारली आणि प्रभूनं हात धरून त्याला वर काढलं. चर्चच्या मागं म्हशींचा हौद आहे. बर्णबानं नऊ मुलं काठाला उभी केली, काठावर चढला आणि पाण्यावर पाय ठेवला. पाय कुठला राहतोय. छातीपर्यंत आत. मग डोळे मिटून म्हणाला, "प्रभूजी, मला वाचवा." आणि उभा राहिला.

मुलं म्हणाली, "काका, बाहेर या की."

"पेत्र आपणहून बाहेर आला नव्हता."

अर्धा तास गेला. दोन म्हशी येऊन पाणी पिऊन गेल्या. शेवटी होसान्ना मला बोलवायला आली. मी गेले आणि हात पुढं केला.

"मावशी, तुम्ही सरका. मी प्रभूला हाक मारलीय."

"त्यांनीच पाठवलंय मला, ये बाहेर," म्हटलं आणि दंडाला धरून ओढला. आठवडाभर शिंकत होता.

पाळकसाहेबांनी त्याला समजावलं, "बर्णबा, देव माणसाच्या हातानंच मदत करतो. देवाला हाक मारायची, आणि समोर जो हात येईल तो घट्ट धरायचा. सोडायचा नाही."

"बरं साहेब. आता कळलं."

मी म्हटलं, "याला काही कळलेलं नाही."

"लुदियाबाई, तुम्ही चुकाच बघता."

दुसऱ्या रविवारी सरपंच आले. सणाला मांडव टाकायचा होता, त्याचं विचारायला. मनानं चांगला माणूस, दुसऱ्या धर्माचा, पण चर्चच्या दारात चप्पल काढून आत येतो. पहिला समोर दिसला बर्णबा. सरपंचांनी रामराम करून हात पुढं केला.

बर्णबानं डोळे मिटले. "प्रभूजी, मदत पाठवलीत," म्हणाला आणि दोन्ही हातांनी सरपंचांचा हात पकडला. मुलांना म्हणाला, "धरा रे." नऊच्या नऊ मुलांनी एकमेकांना धरून साखळी केली. होसान्ना शेवटाला.

"अहो, सोडा," सरपंच म्हणाले.

"सोडायचा नसतो."

"मला मळ्यात जायचंय. मोटर चालू ठेवून आलोय."

"पाळकसाहेबांना विचारा."

पाळकसाहेब उपदेश करत होते. त्यांचा उपदेश पाऊण तासाचा. सरपंच पाऊण तास साखळीत उभे राहिले, दोन गीतं झाली, शेवटी तेही आमेन म्हणाले. मळ्यात तोवर कांद्याचा सगळा वाफा पोहत होता.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, दिसला हात की धरायचा नसतो. घाई करू नये. आधी डोळे मिटावेत, प्रार्थना करावी, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं हलू नये."

"बरं साहेब. आता कळलं."

माझ्या तोंडावर आलं होतं. साहेबांनी आधीच माझ्याकडं बोट केलं, "लुदियाबाई, आज नको."

तिसऱ्या रविवारी हरवलेल्या मेंढराची गोष्ट. मेंढरू गावात नाही, म्हणून त्यानं माझी शेळी मागितली. मीही दिली, माझीच अक्कल. खेळ असा होता, की शेळी चर्चच्या मागं बांधायची, मुलांनी देवाकडं मदत मागायची आणि शोधायला निघायचं. शेळीनं दावं सोडवलं आणि ती आपण होऊनच वर्गात आली.

आता वर्गात पाळकीणबाईंची चित्रांची मोठी गुंडाळी होती. जुनी, कापडावर कागद चिकटवलेला. त्यावर सगळं पवित्र शास्त्र काढलेलं. ती भिंतीला लावलेली. आणि बर्णबा नि मुलं खाली डोळे मिटून बसलेली, मेंढरू सापडावं म्हणून.

होसान्ना म्हणाली, "काका, शेळी इथंच आलीय."

"डोळे मीट. उत्तर आलेलं नाही."

शेळी ओरडली.

"काका, ही बघा ओरडतेय."

"ही शेळी आहे. उत्तर वेगळं असतं."

मी पोचले तोवर शेळीनं आदामापासून नोहापर्यंत खाल्लं होतं. नोहाच्या तारवाचा, त्या जहाजाचा, मागचा भाग तेवढा तोंडातून ओढून काढला.

मग मात्र मी पाळकसाहेबांची वाट बघितली नाही. माझीच शेळी, माझ्याच माथी आलं असतं. मी बर्णबाला उभं केलं आणि धुतलं. "अरे बाबा, बसून काय राहतोस? त्या लुळ्या माणसाच्या चार मित्रांची गोष्ट ठाऊक आहे ना तुला? दारात गर्दी होती, म्हणून बसले का ते? एक वाट बंद असली तर दुसरी काढावी. माणूस प्रभूपाशी पोचवल्याशिवाय थांबू नये."

बर्णबानं सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "मावशी, इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

सुगीचा सण आला. चर्चमध्ये ज्वारीची कणसं टांगली, भोपळे मांडले. मुलांना नवे कपडे. चार गावची माणसं, आत मुंगीला जागा नाही. मोठे साहेब येऊन खुर्चीत बसले. अंगानं भरलेले, कपाळाला आठी. मला एकच भीती होती, हा बर्णबा आज मुलांसमोर काहीतरी करणार आणि माझी होसान्ना हमरस्त्यावर जाणार.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, "याला आज घरी पाठवा."

"लुदियाबाई, त्याचं मन मोडेल."

बरं, म्हटलं, तुम्ही नाही तर मी. दारात जाऊन बर्णबाला अडवलं. "बर्णबा, आज तू या दारातून आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"कळलं मावशी," तो म्हणाला. "पण पाळकीणबाईंना आत आणायचंय. त्या म्हणाल्या, काही करून मला पोचव, माझी मुलं बघायचीत."

"ते तुझं तू बघ. या दारातून नाही," म्हटलं आणि आत गेले. घाईत होते. बाईंना कोण उचलणार, चारजण लागतील, कोण आहे इथं, असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

मोठे साहेब बोलायला उभे राहिले. पाच मिनिटं झाली असतील, त्यांच्या टकलावर माती पडली. त्यांनी पुसली. परत पडली. वरती खडखड झाली. ती खडखड मी ओळखते. कौलं एकावर एक रचताना होते ती.

मी पाळकसाहेबांच्या कानाशी गेले. "साहेब, वर कुणीतरी आहे."

"लुदियाबाई, वर देव आहे. खाली बसा."

खाली बसले. तेवढ्यात छपरात उजेड पडला. हातभर, मग पुरुषभर. काम सुबक, एक कौल फुटलं नाही. कौलांखालच्या रिपा उपसल्या होत्या, कप्पी बांधली होती. आणि त्या उजेडातून चार दोरांवर एक बाज खाली येऊ लागली, शास्त्रात त्या चार मित्रांनी छप्पर उघडून लुळा माणूस प्रभूपुढं सोडला होता तशीच. बाजेवर पाळकीणबाई, प्लास्टर पुढं, डोळे गच्च मिटलेले. आणि वरून बर्णबाचा आवाज, "बाई, उत्तर मिळेपर्यंत हलू नका."

आत जागा नाही म्हणून बाहेर उभे असलेले चार गडी त्यानं हाताशी घेतले होते आणि बाजेसकट बाई वर ओढून घेतल्या होत्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातच आहे.

निम्म्यावर आल्यावर एक दोर सरकला. बाज कलली. बाईंनी डोळे उघडले, खाली बघितलं, आणि बाजेच्या कडा धरल्या. सगळी मंडळी दगड झाली. पाळकसाहेब, पंच, मी, सगळे. मोठ्या साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच.

आणि माझी होसान्ना उठली. वर तोंड करून म्हणाली, "देवा, आमच्या बाई पडतायत. धर ना." आणि पळाली. तिच्यामागं आठ मुलं. बाजेचे पाय हाताशी आले तसे धरले. गच्च. बाज टेकली, बाई टेकल्या, मोठ्या साहेबांच्या बरोब्बर पायापाशी, तरी मुलं सोडेनात.

होसान्ना म्हणाली, "काकांनी सांगितलंय, सोडायचं नाही."

मोठे साहेब खाली बसले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "इतकी खरी प्रार्थना मी तीस वर्षांत ऐकली नाही. हे संडेस्कूल इथंच राहील. आणि शिक्षकही हाच राहील."

वरून भोकातून आवाज आला, "बरं साहेब. आता कळलं."

मुलं वाचली, हमरस्ता टळला, बर्णबाला हार. पण छपराला पुरुषभर भोक होतं आणि कणसांवर धूळ. ते कुणाच्या तरी नावावर घालायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पंच बसले. बर्णबाला बोलावलं. तो खोटं बोलत नाही, त्याला येतच नाही.

"दारातून आणायचं नाही, हे कुणी सांगितलं?"

"लुदियामावशीनं."

"एक वाट बंद असली तर दुसरी काढावी, हे कुणी शिकवलं?"

"लुदियामावशीनं. फार छान समजावलं त्यांनी."

"आणि शिडी?"

"चर्चच्या खोलीतली. मावशीनं झाडायला खोली उघडली होती."

मी सांगून सांगून दमले की मी तर पहिल्या दिवसापासून बजावत होते. पाळकसाहेब म्हणाले, लुदियाबाई, आता बास. आणि पंचांनी वही उघडून सुवाच्य अक्षरात लिहिलं. आजही कपाटात आहे, जाऊन वाचा. चर्चचं छप्पर उघडण्यास जबाबदार व्यक्ती: लुदिया शांतवन पारखे.