गोजाईचं बसणं

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या चिलारवाडीला वेससुद्धा नव्हती तेव्हा, गोजा नावाची एक बुरडीण सुपं-टोपल्या विकत या माळावर यायची. तिच्या पायाला भिंगरी होती. एका गावात दोन दिवस राहिली तर तिचे तळवे जळजळायला लागायचे, असं म्हणतात. बाई जेवायचीसुद्धा उभ्यानं.

टोपल्या विणायच्या बांबूच्या कामट्या तिच्यापाशी असायच्याच. कुणाच्या शेळीचा पाय मोडला की ती हाड चाचपून जागेवर बसवायची, वरून कामट्या लावून फडकं गुंडाळायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. शेळ्या बऱ्या व्हायच्या. कुत्री मात्र व्हायची नाहीत. लोक कुत्र्याला खुंटाला बांधायचे, ते हिसके द्यायचं आणि सांधत आलेलं हाड पुन्हा मोडायचं. मग लोक म्हणायचे, गोजाच्या हाताला कुत्र्याचं यश नाही. हे तिला फार लागायचं.

एका वर्षी म्हाकू धनगराची मेंढरं माळावर उतरली होती. त्याची झिपरी नावाची कुत्री लांडग्यामागं धावताना घळीत कोसळली आणि तिचा पुढचा पाय मोडला. या झिपरीनं एकटीनं सात लांडगे परतवले होते, असं म्हणतात. मला विचाराल तर तीन असतील, पण ते जाऊ द्या. चारा संपला होता, कळप दुसऱ्या दिवशी कोकणाकडं हलणार होता. गोजा तिथून चालली होती तेव्हा म्हाकू हातात धोंडा घेऊन झिपरीपाशी उभा होता आणि रडत होता.

"धोंडा खाली ठिव," गोजा म्हणाली.

"आत्ये, हिला चालवंना. हितं टाकून गेलो तर लांडगं जित्ती फाडतील."

"मी बसते हिच्यापाशी. बरी हुईस्तवर."

"तू? तुझं बूड कवा भुईला टेकलंय का?"

गोजानं तिथंच भुईवर बसकण मारली. तिनं हाड बसवलं, कामट्या बांधल्या. कळप गेला आणि ती गावाच्या कडेला लिंबाखाली झिपरीला घेऊन बसली.

तिसऱ्या दिवशी तिचे तळवे पेटले. ती उठून येरझाऱ्या घालू लागली, तशी झिपरीही उठून तिच्यामागं लंगडत निघाली. हाड सरकलं, कुत्री केकाटली. गोजानं पुन्हा हाड बसवलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की कुत्री आपल्याकडं बघून उठते. तिनं उरलेल्या कामट्या घेतल्या, आपला धडधाकट उजवा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत करकचून बांधला आणि झिपरीशेजारी आडवी झाली. झिपरीनं तो पाय हुंगला, मान खाली टाकली आणि गप पडून राहिली.

चाळीस दिवस ती तशी राहिली. घरोघरचं जेवण लिंबाखाली यायचं. कासावीस झाली की ती मूठभर माती दाताखाली धरायची, पण उठायची नाही. तिला शोधायला वाटा स्वतःच गावात चालत आल्या, असं म्हणतात. रोज सकाळी लिंबापाशी एक नवी पायवाट उमटलेली दिसायची. हसू नका, आजही तिथं सात वाटा मिळतात.

चाळिसाव्या दिवशी तिनं झिपरीचं फडकं सोडलं. झिपरीनं पाय टेकून पाहिला, अंग झाडलं आणि मागं न बघता कोकणाच्या दिशेनं पळत सुटली. घाट उतरायच्या आत तिनं कळप गाठला, असं म्हणतात. मग गोजानं आपलं फडकं सोडलं आणि ती उठायला गेली. पाय दुमडेना. तो पुढं कधीच दुमडला नाही.

बाया रडायला लागल्या. गोजा लिंबाला टेकून म्हणाली, "रडताय कशापायी? मोडल्या पायाची कुत्री आता हितं आणा. मी हितंच हाय."

ती इथंच राहिली आणि इथंच गेली. आजही आमच्याकडं कुत्र्याचा पाय मोडला, की घरातलं एक माणूस आपल्या पायाला कामट्या बांधून त्याच्याशेजारी बसतं. त्याला कुणी कामाला हाक मारत नाही. आता तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर येतात, प्लास्टर घालतात. नवे डॉक्टर आधी हे बघून हसतात. वर्षभरानं मात्र प्लास्टर वाळलं तरी ते बॅग उचलत नाहीत, अंगणातल्या माणसांकडं बघत विचारतात, "बसणार कोण?"